माळरानावर बर्फात खोदलेले घर

मी एक जुने, बर्फ खोदायचे फावडे आहे. मित्रांनो, नॉर्वेतल्या एका लोहाराने माझे पाते ठोकून घडवले. पाठपिशवीला बांधता यावे म्हणून मला दांडाही आखूडच बसवला. रांगन्हिल्ड नावाच्या सुईणीने मला विकत घेतले. डोंगरातल्या एकाकी घरांत बाळंतपणाला ती स्कीवरून जायची आणि मी तिच्या पाठीवर असायचे.

तिचा धाकटा भाऊ टोर्लाइव्ह माझी नेहमी थट्टा करी. “काय गं, वाटेत बटाटे लावणार आहेस का?” असे बहिणीला विचारून तो पोट धरून हसे. मला फार वाईट वाटे, कारण तोवर मी खरोखरच नुसते ओझे होते.

एका ईस्टरच्या सुट्टीत बहीणभाऊ माळरानापलीकडच्या झोपडीकडे निघाले. घरचे सगळे तिथे आधीच पोचले होते. दुपारनंतर वारा उठला आणि बर्फाचे आडवे फटके बसू लागले. त्यातच टोर्लाइव्हच्या स्कीचा पट्टा तुटला. स्कीशिवाय तो मांडीपर्यंत रुतू लागला.

“चल गं, झोपडी समोरच आहे,” तो म्हणाला.

“समोर म्हणजे कुठे? मला तुझं नाकसुद्धा धड दिसत नाहीये. इथेच बर्फात खोदून रात्र काढायची.”

“आत्ता? अजून उजेड आहे! लोक हसतील आपल्याला.”

“हसू देत. आपणही हसू, पण उद्या.”

तिने मला पाठपिशवीवरून सोडले आणि वाऱ्याने रचलेल्या उंच ढिगात घातले. वरचा थर दगडासारखा होता. चार घाव बसले आणि माझा दांडा कडकन तडकला. टोर्लाइव्हचा चेहरा पांढरा पडला. रांगन्हिल्डने मात्र गळ्यातला लोकरी पट्टा काढला, दांड्याला करकचून गुंडाळला आणि पुन्हा घाव घातला. मीही मनाशी म्हटले, आता मोडायचे नाही.

“हळू खोद,” ती भावाला सांगत होती. “घामाने भिजलास तर नंतर थंडीने मरशील. दमलास की मला दे.”

त्यांनी दार खाली, अरुंद ठेवले आणि थंड हवा खाली राहावी म्हणून आत बसायचा ओटा उंच केला. हवेसाठी काठीने छताला भोक पाडले. शोधणाऱ्यांना दिसावे म्हणून स्की बाहेर उभ्या रोवल्या. कोरडे मोजे चढवले. टोर्लाइव्ह मला बाहेरच टाकून आत शिरत होता.

“अरे, त्याला आत घे! उद्या दार नखांनी उकरणार आहेस का?”

सकाळी दार खरोखरच पुरते बुजले होते. टोर्लाइव्हने मला उचलले आणि वाट मोकळी केली. रोवलेल्या स्की पाहून झोपडीतली माणसे धावत येत होती. पुढच्याच आठवड्यात त्याने स्वतःच्या हाताने मला बर्चच्या लाकडाचा नवा दांडा बसवला.

आता रांगन्हिल्ड राहिली नाही. मी चुलीतली राख उपसते. पाते गंजले आहे, दांड्याला कोणी तेल लावत नाही. मित्रांनो, आमच्यासारख्यांना वापरल्यावर पुसून ठेवत जा, एवढेच मागणे आहे. आणि एक सांगते. फावडे नुसते पिशवीत असून भागत नाही; आकाशात उजेड आणि अंगात बळ आहे, तोवरच ते बाहेर काढावे लागते.