थोंगच्या नावचा आंबट रस्सा

थायलंडमधल्या महाचायच्या बाजारात बोईट हा गरिबाचा मासा. लामदुआनने तो जन्मभर खाल्ला, पण कल्ले उघडून लाली पाहिल्याशिवाय कधी घेतला नाही. आज तिने पाटीतला हाताला लागला तोच उचलला.

"बरं नाही का गं?" मासेवाली चाओन म्हणाली. "दहा हुंगल्याशिवाय एक घेत नाहीस तू."

"मेलेल्याला किती निरखायचं."

चाओनने खवले काढता काढता लामदुआनच्या मागे उभ्या असलेल्या तिच्या सुनेकडे, प्रानोमकडे पाहिलं. "घरी खायला की विहारात द्यायला?"

"घरी," लामदुआन म्हणाली. "विहारात," प्रानोम म्हणाली. दोघी एकदमच बोलल्या. चाओनने बाजारात उगाच केस पांढरे केले नव्हते. तिने वर एक लहान मासा टाकला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

नाळीच्या भाजीची जुडी, कच्च्या पपईची फोड, चिंचेचा गोळा, मूठभर सुक्या मिरच्या. एवढ्यात दोन बायकांचं दोन वेळचं भागतं. सासू पुढे, सून मागे अशा त्या घरी आल्या.

थोंग मासेमारीच्या बोटीवर गेला त्याला वर्ष उलटून गेलं होतं. बोट परत आली, थोंग आला नाही. मालक म्हणाला, रात्रीत पाण्यात पडला असेल. त्या 'असेल'ला लामदुआन घट्ट धरून बसली होती. पलीकडच्या गल्लीतला एकजण असाच हरवला होता, तो इंडोनेशियाच्या कुठल्याशा बेटावरून काही वर्षांनी स्वतःच्या पायांनी घरी आला. मग थोंग का येणार नाही? दर पौर्णिमेला ती त्याच्या आवडीचा आंबट रस्सा करायची, पुन्हा पुन्हा चाखून आंबट नीट जमवायची, एक वाडगा झाकून ठेवायची आणि सकाळी तो शिळा रस्सा स्वतःच खायची. शेजारणी तोंडावर काही म्हणत नसत. पाठीमागे म्हणायच्या ते तिला ठाऊक होतं.

प्रानोमने मिरच्या भिजत घातल्या, कांदे-लसूण सोलले. लामदुआनने खल पुढ्यात ओढला.

"काल पुन्हा दिसला," प्रानोम म्हणाली. "दारात उभा. नखशिखांत ओला. आत ये म्हटलं तर येत नाही. भूक लागलीय, एवढंच म्हणतो."

"तुझ्याच स्वप्नात बरा येतो. आईचं घर विसरला वाटतं."

"तुम्ही झोपता कुठे, स्वप्नात यायला?"

लामदुआनने बत्ता जोरात हाणला. "भिक्खूंच्या पुढे ताट ठेवायचं, त्याचं नाव घेऊन पाणी सोडायचं, म्हणजे मीच म्हणायचं की तो मेला. आणि तो जिवंत असला तर? जित्या लेकाच्या नावानं पाणी सोडू?"

"आणि मेला असला तर? वर्षभर उपाशी आहे तो, आई. घरातून कुणी काही पाठवलंच नाही. दुसऱ्या आत्म्यांच्या ताटाकडे बघत फिरत असेल."

"तुला मोकळं व्हायचंय. बर्फाच्या कारखान्यातला तो फटफटीवाला मला दिसत नाही असं वाटतं का?"

प्रानोमने लसणाची साल झाडली. "व्हायचंय मोकळं. खोटं कशाला बोलू? पण नवऱ्याला उपाशी ठेवून नाही."

लामदुआन पुन्हा खलाकडे वळली. कुटलेल्या मिरच्यांत तिने कोळंबीचा आंबवलेला गोळा घातला, लहान मासा उकडून त्याचं मांस काढून त्यातच कुटलं, म्हणजे रस्सा दाट होतो. पाण्याला उकळी आली तसा मसाला सोडला, चिंचेचा कोळ ओतला, पपईचे काप, मग बोईट. मासा पडला की ढवळायचं नाही, नाहीतर रस्स्याला माशाचा वास सुटतो. शेवटी नाळीची भाजी. घरभर आंबट-तिखट वाफ भरली आणि दोघींच्या डोळ्यांना पाणी आलं. मिरचीचंच होतं म्हणायचं.

लामदुआनने डाव बुडवला. प्रानोम हातातलं काम थांबवून बघत राहिली.

या घरात डाव ओठाला लागतो की नाही, यावरच सगळं होतं. थोंग लहान असताना त्याने एकदा विहारात न्यायच्या पातेल्यात बोट बुडवून चाटलं होतं. लामदुआनने त्याच्या मुस्काटात दिली आणि अख्खं पातेलं कुत्र्यांपुढे ओतलं होतं. भिक्खूंना वाढायचं, मेलेल्यांना पोचायचं, ते उष्टं करायचं नाही. मीठ हाताच्या अंदाजानंच घालायचं. घरचं असेल तर मात्र खुशाल चाखा.

डाव ओठांशी आला. तिने फुंकर मारली. चाखला की तो जिवंत, संध्याकाळी वाडगा झाकायचा, सकाळी शिळं खायचं. तिला दारातला ओला थोंग दिसला, आत न येणारा. मार खाल्ल्यावर तो असाच दारात उभा राहायचा, आई जेव म्हणेपर्यंत.

तिने डाव खिडकीबाहेर मातीत रिता केला.

"डबा घे," ती म्हणाली. "विहारात उशीर नको व्हायला."

प्रानोम खाली बसली आणि तोंडात पदर कोंबावा तसा तिने सदऱ्याचा काठ कोंबला. डबा लामदुआननेच भरला.

भिक्खू जेवले. त्यांनी पठण सुरू केलं तेव्हा लामदुआनने झारीतून वाटीत पाणी सोडलं, आणि लेकाचं नाव वर्षात पहिल्यांदा मेलेल्यांत घेतलं. धार तिने तुटू दिली नाही.

उरलेलं अन्न नेहमीप्रमाणे सगळ्यांनी मिळून खायला घेतलं. लामदुआनने पहिला घास घेतला आणि तिचा हात थांबला. रस्सा अळणी होता. मिठाच्या जागी घालायचं माशाचं खारं पाणी ती साफ विसरली होती. चाखला असता तर कळलं असतं.

"चांगला झालाय, आई," प्रानोम खाली मान घालून म्हणाली. बाकीचेही खात होते.

थोंग असता तर ताट सरकवून म्हणाला असता, हे काय, मीठ संपलं का घरातलं? लामदुआन वाट बघत राहिली. कुणीच मीठ मागितलं नाही.