सुई एकावर, आवाज कुठंच नाही

नानांच्या लॉगबुकातली शेवटची नोंद माझी असणार, हे आम्ही दोघांनी दिवाळीतच ठरवलं होतं.

नाना म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. पोलिसांच्या वायरलेसमधून रिटायर झाले आणि पुढची कितीतरी वर्षं आमच्या गारखेड्याच्या घरात, वरच्या खोलीत हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा वायरलेस, घेऊन बसले. शाळेतून आले की मी दप्तर जिन्यातच टाकायचे आणि वर पळायचे. खोलीत सोल्डरिंगचा वास, आणि नाना कोचीच्या कुणाला तरी विचारतायत, तुमच्याकडं हवा कशी? मग त्याची नोंद लॉगबुकात. सात वर्षांच्या मला त्यात काय कळायचं? पण लई भारी वाटायचं.

मग नाना पिशोरला राहायला गेले. एक सेट सोबत नेला, दुसरा मला ठेवला. आता त्यांचा मुलगा, बिभीषणकाका, त्यांना पुण्याला नेणार होते. तिथल्या सोसायटीत अँटेना लावू देत नाहीत. रविवारी अकराला गाडी, म्हणजे नानांचं स्टेशन कायमचं बंद. आणि रेडिओवर बोलायचा माझा परवाना आला गुरुवारी!

रविवारी नऊला मी मीटर बघितला. आपण वर अँटेनाकडं पाठवलेल्या ताकदीतली किती परत येते, त्यावरून हा मीटर आकडा दाखवतो. एक आला की काहीच परत येत नाही. सुई बरोब्बर एकावर! नानांच्या काळातही दीडच्या खाली आली नव्हती. मी खुर्चीतच नाचले. मग अर्धा तास ओरडले. पलीकडून नुसती खरखर.

शेवटी मोबाईल लावला.

"नाना, ऐकू येतंय का नाही?"

"नाय गं बाई. कधी सुरू करतीस?"

"अहो, केव्हाची बोलतेय! सुई एकावर आहे. तुमचाच सेट बिघडला असेल."

"व्हय, माझाच. परवाना कालचा अन् तोरा बघा!" नाना हसले. "अक्षे, मेंढरं डोंगरावर धाडली अन् एकबी माघारी आलं नाय. म्हणजे ती डोंगरावर पोचली का?"

"पोचली असतील की."

"का वाटंतच लांडग्यानं खाल्ली?"

मी खिडकीतून वर जाणाऱ्या केबलकडं बघितलं.

"अँटेनापाशी केबल सोड, अन् परत सुई बघ."

आईनं शिडी धरली, मी गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर चढले आणि अँटेनाची केबल सोडली. खाली येऊन बघते तर सुई एकाच्या जरा पुढं, बस्स. वर अँटेनाच नाही, आणि ही सुईबाई खूश! खरं तर ताकद तशीच माघारी यायला हवी होती, सुई पार टोकाला जायला हवी होती. केबलचं टोक कापलं तर आतली जाळी हिरवीगार, ओली. सगळी ताकद वाटेतच जिरत होती.

ती केबल नानांनी स्वतः ओढलेली. पप्पांनी दोनदा बदलू म्हटलं, तर मीच भांडले होते. नानांची आहे, हात लावायचा नाही!

साडेदहा. रविवारी नवी केबल कुठून आणणार? पेटीत तीन मीटरचा एक कोरा तुकडा होता. तेवढा खोलीपर्यंत पुरणार नव्हता.

"आई, सेटच वर नेऊ."

"आधी त्या टाकीवर तू, आता हे धूड! नानांनी पोरगी बिघडवली," आई म्हणाली आणि सेटची दुसरी बाजू तिनंच उचलली.

जिन्यातून वायरचा बोर्ड ओढला, टाकीखाली सेट मांडला आणि तुकडा अँटेनाला जोडला. सुई गेली दोनावर. सकाळपेक्षा वाईट? पण दोनाचा आकडा सेटला सोसतो, आणि आता वाटेत खाणारं कुणी नव्हतं. बटण दाबून मी परवान्यावरचं माझं कॉलसाइन सांगितलं, मग नानांचं.

खरखर. आणि तिच्यातून, वरच्या खोलीत ऐकायचे तोच सावकाश आवाज.

"आली गं आली! स्वच्छ आली. ताकद नवापैकी सात. थांब, लिहितो."

नाना एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत लिहायला लागले. तारीख. वेळ, दहा पंचावन्न. मागं गाडीचा हॉर्न वाजला, एकदा, मग लांबलचक.

"थांब रे बिभीषण," नाना बटण न सोडताच म्हणाले, "पोरीचं नाव लिहितोय."