दोन ओळींमधली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी शिशाची पट्टी आहे. उभे आयुष्य छापखान्यात राबले, पण माझे म्हणून एकही अक्षर कधी कागदावर उमटले नाही. हसू नका. माझे कामच तसे होते.

वितळलेल्या शिशातून मी जन्मले. पुठ्ठ्याइतकी जाड आणि पंजाएवढी लांब. तेव्हा छापखान्यात अक्षरांचे सुटे खिळे एकेक करून ओळीत लावत. एक ओळ भरली की तिच्या खाली मला सरकवत आणि मग पुढची ओळ सुरू होई. माझी उंची खिळ्यांपेक्षा कमी, त्यामुळे शाईचा रूळ माझ्या डोक्यावरून निघून जाई. खिळे काळेकुट्ट होऊन मिरवत आणि मी आपली कोरडी ती कोरडीच. लोक पान हातात घेऊन म्हणत, "अक्षर काय सुंदर आहे!" मला अस्सा राग येई! दोन ओळींच्या मध्ये मी उभी होते, म्हणून तर ते अक्षर दिसले ना?

मला मान देणारा माणूस एकच, ते म्हणजे खिळे जुळवणारे जुळारी. नवशिक्यांना ते सांगत, "अक्षरं काय, कोणीही लावेल. जागा सोडता आली पाहिजे." त्यांचा दुसरा नियम असा, की शिसे हाताळले की आधी नळ गाठायचा. हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू देत नसत. शिसे पोटात जाणे वाईट, हे मी स्वतःच कबूल करते.

पुढे संगणक आले आणि छापखान्याला टाळे लागले. खिळे पोत्यांत भरून भंगारात गेले. जुळाऱ्यांनी आम्हा तीन पट्ट्यांना तेवढे खिशात घालून घरी आणले. मला वाटले, आता काचेच्या कपाटात बसवणार. कसले काय! त्यांच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. आम्हा तिघींना एकीवर एक ठेवून त्याखाली सारले. तिथे आम्ही वीस वर्षे काढली. झाडू अंगावरून जाई, तेवढीच काय ती आमची विचारपूस.

तोवर जुळाऱ्यांचे आजोबा झाले होते. त्यांची नात पाने कशी रचायची, अक्षरे कशी निवडायची, याचेच शिक्षण घेत होती, पण संगणकावर.

यंदा आजोबांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना रुग्णालयाने एक कागद दिला. पिवळ्या टोपणाचे औषध दिवसातून चार वेळा, पांढऱ्या टोपणाचे एकदाच. पण ओळी एकमेकींना अशा चिकटल्या होत्या, की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांमध्ये घुसत होते. आजोबांची नजर एक ओळ घसरली. पांढऱ्या टोपणाचे औषध त्यांनी दोन दिवस चार-चार वेळा घातले. डोळा लालभडक झाला. डॉक्टरांनी वेळीच सावरले म्हणून बरे.

डोळा वाचला, पण आजोबांनी त्या गोष्टीचा धसकाच घेतला. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया अजून व्हायची होती, तिला ते साफ नाही म्हणाले. "जन्मभर लोकांचं वाचून जुळवलं आणि स्वतःचा कागद वाचता आला नाही. परत तोच कागद हातात देणार असतील तर मी नाही येत."

"मी नवा कागद करते," नात म्हणाली. "सिस्टरना विचारलंय मी. डॉक्टरांना आवडला तर ते तोच देतील."

तिने जीव तोडून पान केले. चार प्रकारची अक्षरे, भोवती वेलबुट्टी, वर मोठा थोरला डोळा. पडद्यावर दुप्पट मोठे करून पाहिले, तेव्हा फारच झकास दिसले. छापून हातात आले तर अक्षर मुंगीएवढे. मग तिने अक्षर वाढवले. जागा तेवढीच, म्हणून ओळी पुन्हा एकमेकींच्या अंगावर चढल्या.

"सुंदर आहे," आजोबा म्हणाले. "वाचायचं कोणी?"

तिच्या डोळ्यांत पाणी आले.  आजोबा खाली वाकून टेबलाचा पाय उचलू लागले.

"अहो आजोबा, काय करताय?"

"तुझ्या शिकवणीला तिघींना बोलावतोय."

मित्रांनो, वीस वर्षांनी मी उजेड पाहिला! आजोबांनी तिला कागदाच्या ओळी कात्रीने सुट्या करायला लावल्या. दोन ओळींच्या मध्ये मला ठेवले. पुरेना. माझी बहीण ठेवली, तरी पुरेना. तिसरी ठेवली आणि आजोबा म्हणाले, "हां. आता ओळ श्वास घेतेय."

"पण मग मजकूर पानात मावणार नाही."

"काढ की मग. ही वेलबुट्टी कोणाला औषध घालायला सांगते?"

वेलबुट्टी गेली. डोळा गेला. "आमच्या रुग्णालयात आपले हार्दिक स्वागत" हेही गेले, कारण कागद मिळतो तो घरी जाताना. चारांतली एकच अक्षरजात उरली. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र, यांच्यामध्ये नातीने आपण होऊन जास्त जागा सोडली. आजोबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. डॉक्टरांनी कागद पसंत केला आणि आजोबा शस्त्रक्रियेला तयार झाले.

शस्त्रक्रिया होऊन घरी आल्यावर पहिले औषध घालायची वेळ झाली. "मीच वाचणार," त्यांनी बजावले. नात दाराआड उभी राहिली. तिचा जीव टांगणीला, माझा तर त्याहून. आजोबांनी नजर घसरू नये म्हणून मला पहिल्या ओळीखाली धरले आणि मोठ्याने वाचले, "आधी हात साबणाने धुवा."

ते थांबले. माझ्याकडे पाहिले. मग स्वतःशीच हसले, मला टेबलावर ठेवले आणि सरळ नळाकडे गेले. पाण्याचा आवाज ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला. परत येऊन त्यांनी पुढचे सगळे बिनचूक वाचले. पिवळे टोपण उघडले. दाराआडून नातीचा हुंदका आणि हसू एकदमच बाहेर आले.

आता मी नातीच्या टेबलावर असते. आजोबांच्या टेबलाखाली तिचे ते मुंगीएवढ्या अक्षरांचे वेलबुट्टीचे पान घडी करून सारले आहे आणि तिथे ते फार उपयोगी पडते. मित्रांनो, तुम्हीही कधीतरी पान रचाल. तेव्हा ते पडद्यावर पाहून खूश होऊ नका. छापा, आणि ज्याला त्याची गरज आहे त्याच्या हातात द्या. ओळींमध्ये माझ्यापुरती जागा ठेवा. मी तिथे दिसणार नाही, त्याचे आता मला काही वाटत नाही. आणि कधी भेटलो, तर मला जरूर हातात घ्या. फक्त नंतर हात धुवा.