हात म्हणतील तेच तोंडाने

बुडत्या बँकेला सरकारी तिजोरीतून वाचवायचं की नाही, यावर जनसुनावणी चालली होती आणि अर्धं सभागृह उरलेल्या अर्ध्यावर दात धरून बसलं होतं. पुढच्या रांगेत बँकेचे कर्मचारी, मागे कर भरणारी जनता, मधल्या वाटेत पोलीस. एका निवृत्त मास्तरांनी विचारलं, "नफा झाला तेव्हा आम्हाला बोलावलंत का? मग तोट्यालाच कशी आठवण आली?" मागची बाजू टाळ्यांनी दणाणली. एक प्राध्यापकबाई समजावू लागल्या, की ही बँक गेली तर तिच्याबरोबर कारखाने जातील, पगार जातील. मागच्या लोकांनी आरडाओरडा करून त्यांना खाली बसवलं. अहवाल आज संध्याकाळीच सरकारकडे जायचा होता. अध्यक्ष घाम पुसत "आवरतं घ्या, आवरतं घ्या" म्हणत होते, आणि कुणी आवरतं घेत नव्हतं.

व्यासपीठाच्या कडेला उभी राहून दुभाषी हा सगळा गोंधळ खुणांच्या भाषेत सांगत होती, एकाच बाईसाठी. साक्षीला आलेल्या या शिवणवाल्या ताईंना ऐकू येत नव्हतं. दुभाषीचा नवराही समोरच होता, पुढच्या रांगेत, निळ्या शर्टात. तो बँकेत कर्जाच्या खिडकीवर बसायचा. मदत नामंजूर झाली की त्याची नोकरी गेलीच म्हणायची. खरं तर तिने हे काम घ्यायलाच नको होतं. पण नेहमीचे दुभाषी आजारी पडले, आणि सकाळी नवराच म्हणाला, "अगं, तू नुसतं इकडचं तिकडे करायचंस. तुझं काय जातंय त्यात?"

तिच्या कामाचा नियम मात्र कडक होता. हात जे म्हणतील तेच तोंडाने म्हणायचं, पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचंही नाही.

ताईंची पाळी आली. त्यांचे हात चालू लागले आणि तिचा आवाज त्यांच्यामागून निघाला. "माझं शिवणाचं दुकान होतं. मंदीत गिऱ्हाईक आटलं. हप्त्यांना मुदत मागायला मी याच बँकेत गेले."

पुढचं ताईंच्या हातांनी सांगितलं, ते तिने अजून तोंडाने म्हटलं नव्हतं. 'खिडकीवरच्या माणसाला मी खुणेने सांगितलं, तुमचे ओठ बघून मला कळतं. त्याने मुद्दाम मान फिरवली आणि भिंतीकडे बघून बोलला. मला एक शब्द कळला नाही. माझं दुकान बुडताना कुणी सभागृह भरवलं नाही. बँकही बुडू द्या.'

हे तिला माहीत होतं. नवऱ्याने घरी हसत हसत सांगितलं होतं, "मान फिरवली, तेव्हा कुठे ती बाई उठली." त्यावरून दोघांत चांगलंच वाजलं होतं. शेवटी तो "चुकलं माझं" म्हणाला होता.

"खिडकीवर माझं म्हणणं नीट समजून घेतलं नाही," ती म्हणाली. "मदत द्या, पण विचार करून द्या."

पुढच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. नवऱ्याचा शेजारी तर "वा, ताई" म्हणून मान डोलवू लागला. ताईंनी त्या टाळ्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांचे हात अगदी सावकाश हलले.

"काय म्हणतायत त्या?" अध्यक्षांनी विचारलं.

'आभार मानतायत' म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं.

"हे लोक टाळ्या का वाजवतायत?" ताईंचे हात म्हणाले तेच ती मोठ्याने म्हणाली. "तू माझं काय सांगितलंस?"

मग तिने मघाचं सगळं पुन्हा सांगितलं, मान फिरवण्यापासून बँक बुडू देण्यापर्यंत. या वेळी काही गाळलं नाही.

"तो कर्मचारी इथे आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

ताईंनी बोट दाखवलं. निळा शर्ट उभा राहिला. सकाळी तिनेच त्याला इस्त्री केली होती. ताईंकडे पाठ करून तो अध्यक्षांना म्हणाला, "असं काही झाल्याचं मला आठवत नाही, साहेब." आणि सांभाळून घे म्हणावं तसं त्याने बायकोकडे पाहिलं.

तिने त्याचं वाक्य जसंच्या तसं हातांनी सांगितलं. असं खोटं तिचे हात आजवर बोलले नव्हते, असं तिला वाटलं आणि स्वतःची किळस आली.

ताईंनी एकच खूण केली.

"खरं?" ती म्हणाली.

"सांगितलं ना, आठवत नाही," तो म्हणाला.

तेही तिने सांगितलं. मग गळ्यातलं ओळखपत्र काढून अध्यक्षांसमोर ठेवलं.

"साहेब, दुसरा दुभाषी बोलवा," ती म्हणाली, आणि तेच ताईंनाही हातांनी सांगितलं.

"आता मधेच? का?"

"मला साक्ष द्यायची आहे."