विठाची हौस

"तू तिथं उभा राहून असं बोललास ना कोंडाजी, तर मी खोटा पडंन," हरिचंद्र म्हणाला. "गंगेची शपथ घेतलीय मी."

"पडा खोटे, दादा," कोंडाजी म्हणाला आणि चालत राहिला.

दोघे बेलवलीहून रुळांच्या कडेकडेनं अंबरनाथला निघाले होते. हरिचंद्र गावचा पाटील आणि कोंडाजीचा थोरला चुलतभाऊ. कोंडाजीच्या पुढे जाऊन त्याला अडवावं, असं त्याच्या मनात येत होतं, पण कोंडाजीचा चेहरा बघून धीर होत नव्हता.

अंबरनाथच्या शाळेत आज मुंबईच्या असेंब्लीतले तीन सभासद यायचे होते. कामगारांच्या भरपाईचा कायदा बदलायचं बिल आलं होतं, त्यावर ते लोकांचं ऐकून घेत फिरत होते. कामावर पुरुष मेला तर त्याच्या बायकोला भरपाई मिळे. तिला कुणी काही विचारत नसे. पण बाई मेली, तर नवऱ्याला आधी शाबीत करावं लागे, की मी हिच्या कमाईवर जगत होतो. ही अट काढून टाकायची, असं बिलात होतं.

कोंडाजीची विठा मागल्या साली मेली. चिंध्या पिंजायच्या कारखान्यात यंत्राच्या पट्ट्यात तिचा पदर गेला. पट्ट्यावरची जाळी काढून ठेवलेली होती. ती आडवी येते, काम हळू होतं, म्हणून.

कोंडाजीनं भरपाईचा दावा केला, तेव्हा कमिशनरसाहेबांपुढे कारखान्याचे लेबर ऑफिसर चिंतामणी उभे राहिले. म्हणाले, "नवरा कमावता आहे. बाई बांगड्या-लुगड्यांच्या हौसेनं कामाला यायची. पदर सांभाळला नाही." मग त्यांनी हरिचंद्राला साक्षीला बोलावलं. हरिचंद्रानं छाती पुढे काढून सांगितलं, "आमचा कोंडाजी बायकोच्या जिवावर जगणारा गडी नाय." त्याला वाटलं, भावाची अब्रू राखली. कोंडाजीनंही मान डोलावली. दावा फेटाळला गेला.

कोंडाजीची पाठ मोडलेली होती. ताडावरून पडल्यापासून त्याला ओझं उचलत नसे. निर्वासितांच्या कॅम्प दोनमध्ये एका सिंध्याच्या कापडाच्या दुकानात तो कामाला बसत असे. ते दुकान बंद झालं, तरी तो रोज सकाळी विठाबरोबर निघायचा आणि ओढ्याच्या अंगानं मागल्या दारी परत यायचा. स्वयंपाक करायचा, भांडी घासायची. पगार झाला की विठा तो गावाबाहेर बांधावर त्याच्या हातात द्यायची, म्हणजे वाण्याकडे त्यानं तो आपल्या खिशातून काढावा. साऱ्या गावाला हे ठाऊक होतं. कुणी बोललं नाही.

"गावानं तुझं झाकलं," हरिचंद्र म्हणाला. "आता तूच उघडं करतोस व्हय? लोक थुंकतील."

"थुंकू दे. मला त्या चिंतामणीच्या तोंडातून तो शब्द परत काढायचाय. हौस! ती तापात कामाला गेलीय, दादा. ती हौस?"

शाळेच्या वर्गात दाटी झाली होती. चिंतामणी पुढच्या खुर्चीत, पायावर पाय टाकून. मागे जेवणाच्या सुट्टीतून आलेल्या कारखान्यातल्या बायका दाराशी उभ्या. सभासदांत एक वयस्कर वकील होते, तेच विचारत होते.

चिंतामणी हसत म्हणाले, "ही अट काढलीत, तर उद्या नवरे घरी बसून बायका मरायची वाट बघतील."

हशा झाला. तो ओसरायच्या आत कोंडाजी उभा राहिला.

"मी घरीच बसायचो," तो म्हणाला. "भाकऱ्या मी थापायचो. कमवायची विठा."

"आनि लुगडं कोन नेसायचा?" मागून कुणीतरी ओरडलं. पुन्हा हशा. हरिचंद्र जमिनीकडे बघू लागला.

"खोटं आहे साहेब," चिंतामणी म्हणाले. "याचा दावा फेटाळला गेलाय. याच्याच गावच्या पाटलांनी शपथेवर सांगितलं. ते इथेच बसलेत, विचारा."

"पाटलांना नका विचारू," कोंडाजी म्हणाला. "ह्या साहेबांनाच विचारा. काय हो साहेब, विठाच्या डब्यातली सुकटीची चटणी तुमी खायचा का नाय?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"दर शनिवारी शिपाई पाठवायचा का नाय?"

"पाठवायचे तर!" दारातून कौसाबाई म्हणाली. "मीच वाटी भरून दिलीय. वर बोटं चाटायचे!"

आता हशा झाला तो चिंतामणींवर. चिंतामणींनी पाय खाली घेतला.

"एकदा तुमी तिला विचारलंत, बाई, ह्यात घालता काय? ती काय बोलली?"

वकील म्हणाले, "सांगा ना. काय म्हणाली?"

"म्हणाली... घरी विचारून सांगते."

"कुणाला विचारून?" कोंडाजीचा आवाज चढला. "आमच्या घरात सासू नाय, जाऊ नाय, लेक नाय. मी न् ती. कुणाला विचारणार होती?"

तो चिंतामणींच्या खुर्चीकडे एक पाऊल सरकला.

"सुकट कोरडी भाजायची, साहेब. लसूण-मिरची वाटायची, न् शेवटाला चिंचेचा कोवळा पाला. तेनं वास मरतो. आज सांगितलं. तिला सांगायला वेळ गावला नाय. आता बोला, ती हौसेनं यायची."

चिंतामणींनी रुमालानं मान पुसली. "मला माहिती मिळाली, तसं मी बोललो."

"हौसेनं, असा शब्द वापरला होतात?" वकिलांनी विचारलं.

"शब्द... चुकला असेल."

"शब्द नाय चुकला," कोंडाजी म्हणाला. "जाळी काढली तुमी, न् नाव घेतलंत तिच्या पदराचं."

वकिलांनी काहीतरी लिहिलं, चष्मा काढला आणि हळू म्हणाले, "कोंडाजी, हे बिल पास झालं तरी मागच्या मृत्यूंना लागू होणार नाही. तुम्हाला त्यातून काही मिळायचं नाही."

"मला नकोच. पुढली बाई मरंल तवा ह्यांना पैसे मोजायला लागलं पायजे. तिच्या नवऱ्याला एक शब्द न विचारता. एवढं करा."

तो बाहेर आला तेव्हा हरिचंद्र निघून गेला होता. कारखाना शाळेच्या समोरच होता. बायका फाटकाशी बसून घाईघाईनं डबे संपवत होत्या. चिंतामणी मान खाली घालून आले, तशी कौसाबाईनं आपला डबा दोन्ही हातांनी पुढे धरला.

"घ्या ना, साहेब. वालाचं बिरडं हाय. पर कुणी केलं ते इचारू नका हां. घरी इचारून सांगंन!"

बायका हसून लोळायच्याच बाकी राहिल्या. एकीनं आपलाही डबा पुढे केला, मग दुसरीनं. चिंतामणींना त्या डब्यांच्या मधून वाट काढत आत जावं लागलं. उद्याही याच फाटकातून जावं लागणार होतं, आणि परवाही. कोंडाजी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून शेवटपर्यंत बघत राहिला. पोटभर बघून झालं, तेव्हा वळला.

परतीच्या वाटेवर तो भराभर चालत होता. पाठ दुखत होती, तरी चालत होता. साहेबानं मान कशी पुसली, कौसाबाई काय बोलली, आधी कोण हसलं, सगळं मनात ओळीनं लावत होता. कारखान्यातल्या गमती विठा रोज चुलीपाशी बसून सांगायची आणि तो ऐकायचा. आज पहिल्यांदाच त्याच्याकडे सांगण्यासारखं होतं.

बेलवलीची झाडं दिसू लागली, तशी चुलीपाशी ऐकायला कुणी नाही हे आठवून त्याची पावलं मंदावली.