प्रश्नचिन्हांची रांग

"हर्षाली, उगाच पॅनिक होऊ नकोस. माझ्या लॅपटॉपवर सगळी नावं नीट दिसतायत," आमचे धवल सर ऑफिसातून फोनवर म्हणाले.

"सर, पेशंट तुमच्या लॅपटॉपसमोर बसलेले नाहीत."

डोकंच फिरलं माझं. नाशिकच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात आमच्या कंपनीने आजच पेशंटची नावं दाखवणारा पडदा बसवला होता. नंबर बंद, माणसाला नावाने बोलवायचं, अशी सरांनी मारे जाहिरात केली होती. आणि पडद्यावर काय, तर नुसती प्रश्नचिन्हं.

आमचा प्रोग्राम सुरू होताना कॉम्प्युटरलाच विचारतो की, बाबा रे, तू अक्षरं कुठल्या पद्धतीने वाचतोस? ऑफिसातलं लिनक्स बरोबर सांगतं. इथल्या जुन्या विंडोजने आपली इंग्रजीपुरती पद्धत सांगितली आणि मराठी नावांचा चुथडा झाला. एकदा इथल्या मशीनवर तपासू द्या म्हणून मी घसा कोरडा केला होता.

"मशीनच भंगार आहे त्यांचं," सर म्हणाले.

नाचता येईना अंगण वाकडं! मी फोन कापला.

लोक अंदाजाने डॉक्टरांच्या केबिनमध्ये घुसत होते. फक्त पेठ तालुक्यातून आलेल्या ठमाबाई बाकावरून हलल्या नव्हत्या. पायाची जखम चिघळलेली, फडकं ओलं झालेलं. हा डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचा.

"आजी, जा ना आत," मी म्हटलं.

"नाव आलं नाय ना माजं. सिस्टर म्हनल्या, नाव दिसलं का मंग जायचं."

"वाचता येतं तुम्हाला?"

"माजं नाव येतं. दुसरं काय नाय."

मला स्वतःचीच नाही, सगळ्या कंपनीची लाज वाटली. सिस्टरला सांगायला गेले, तर ती म्हणाली, "तुमचा पडदा दुरुस्त करा आधी, मला शिकवू नका."

बसले. मशीनला विचारणंच काढून टाकलं, पद्धतीचं नाव प्रोग्रामात ठाम लिहिलं. एका ओळीचं काम, पण मरतुकडं मशीन पुन्हा सुरू व्हायलाच जीव खात होतं.

शेवटी पडदा उजळला. ठमाबाई उठल्या, लंगडत जवळ गेल्या. बोट हवेत फिरवत एकेक अक्षर लावलं.

"हां. ठमाबाई," त्या म्हणाल्या. पदर सारखा केला. "आता जाऊ ना?"

त्यांच्यामागे सिस्टर डॉक्टरांच्या केबिनला कुलूप लावत होती.