न आलेली पत्रं

प्रतिमा रणभिसे 'लिव्हिंग वेल' या ख्रिस्ती रेडिओ स्टेशनवर कामाला लागली ती श्रोत्यांच्या पत्रांना उत्तरं टाइप करायला. स्टेशन टेक्सासमधल्या शुगर लँडच्या तिच्या घराहून गाडीनं तासाभराच्या अंतरावर, सायप्रस बेंड नावाच्या गावाबाहेर भाताच्या शेतांना लागून होतं. एक बैठी इमारत, मागे उंच मनोरा आणि समोरच्या डांबरी जागेत जेमतेम तीन गाड्या. लायसन्स फक्त दिवसाउजेडीचं. सूर्य उगवला की प्रार्थनेनं सुरू व्हायचं आणि मावळला की बंद. मॅनेजर अर्ल डॉबिन्स साठीला आलेले, उंच आणि जरासे वाकलेले गृहस्थ होते. त्यांच्या जिभेला 'रणभिसे' काही पेलेना, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी तिचं 'मिसेस आर' करून टाकलं.

नोकरी करायची वेळ तिच्यावर अचानक आली होती. तिचा नवरा राजीव तेलविहिरींची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत अकरा वर्षं इंजिनिअर होता. शहाऐंशी साली तेलाचे भाव कोसळले आणि मार्चमधल्या एका शुक्रवारी कंपनीनं त्याच्या डिपार्टमेंटचा अख्खा मजला रिकामा केला. तेव्हापासून राजीव घरी असला की बेडरूमचे पडदे ओढून बसायचा. रेझ्युमे पाठवायचा, पण कोणाला काही कळू द्यायचा नाही. महाराष्ट्र मंडळातल्या उल्हास-वीणासारख्या मित्रांना तर तो अजून ऑफिसला जातो असंच वाटत होतं.

स्टेशनवर पत्रांचं काम आहे असं तिला सांगितलं होतं खरं, पण पत्रंच नव्हती. पूर्वी आठवड्याला दोन पोती यायची, असं डॉबिन्स सांगत. आता आठवड्याची पत्रं एका मुठीत मावायची. ज्या चर्चच्या मालकीचं स्टेशन होतं, त्याचे पंच ऑक्टोबरात बसणार होते. एका संगीताच्या कंपनीला स्टेशन विकून टाकावं, असं त्यातल्या बऱ्याच जणांचं मत होतं.

रिकामं बसणं प्रतिमाच्या स्वभावात नव्हतं. तिनं कपाटातले खण उपसले. आत पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाचं कार्ड होतं: नाव, पत्ता, कशासाठी प्रार्थना मागितली ते, आणि पत्राची तारीख. तिनं ती कार्डं तारखेनं लावली, तेव्हा एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. वर्षानुवर्षं लिहिणारी माणसं याच हिवाळ्यात आणि वसंतात एकाएकी गप्प झाली होती. तिनं डॉबिन्सना विचारलं. ते म्हणाले, टीव्हीनं खाल्लं आम्हाला, आता लोक टीव्हीवरचे उपदेशक बघतात.

"टीव्ही काय यंदाच्या मार्चमध्ये आला का?" प्रतिमानं विचारलं.

डॉबिन्सनी खांदे उडवले. तेव्हा तिनं ठरवलं, ज्यांची पत्रं येत नाहीत त्यांनाच जाऊन विचारायचं.

जुलैचा महिना होता. तिच्या जुन्या डॅटसनचा एसी बंद पडलेला. काचा खाली केल्या तरी आत येणारी हवा भट्टीतल्यासारखी. ती कार्डं शेजारच्या सीटवर ठेवून घरं शोधत हिंडली. पहिल्या घरापुढे विक्रीची पाटी होती. दुसऱ्या घरच्या म्हाताऱ्यानं जाळीच्या दारातूनच सांगितलं, हल्ली वेळ मिळत नाही. दोन आठवड्यांत अकरा घरं झाली. सगळी माणसं नम्र होती, सगळ्यांनी पाणी विचारलं आणि सगळ्यांनी थाप मारली. हे तिला कळत होतं, कारण राजीवही फोनवर मित्रांशी असंच गोड बोलायचा.

बारावं घर लोरीन यांडा या बाईचं होतं. पन्नाशीची, पीठ माखलेल्या हातांची बाई. तिनं प्रतिमाला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि बर्फ घातलेला चहा पुढे ठेवला. रेडिओचं विचारताच तिनंही तेच सांगितलं: वेळ मिळत नाही. प्रतिमानं ग्लास हातात धरला. काय झालं कोण जाणे, ती एकदम म्हणाली,

"माझ्या नवऱ्याची नोकरी मार्चमध्ये गेली. मी हे अजून कोणाला सांगितलेलं नाही."

लोरीननं हातातलं काम थांबवलं. तिनं हात धुतले, पुसले, खुर्ची ओढली आणि समोर बसली.

"माझ्या वॉल्टरची फेब्रुवारीत गेली," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं तेलविहिरींवर काढली त्यानं. रोज सकाळी दाढी करताना तुमचं स्टेशन लावायचा. तुमचा तो आठ वाजताचा उपदेशक आहे ना, तो सांगतो की ज्याची श्रद्धा पक्की, त्याला देव काही कमी पडू देत नाही. वॉल्टरनं नोकरी गेल्यावरही तीन आठवडे ऐकलं. मग एके दिवशी प्लग उपटला आणि रेडिओ गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. म्हणाला, माझीच चूक आहे असं सांगणारे मला पुरेसे भेटतात."

प्रतिमा बाहेर येऊन गाडीत बसली, पण तिनं किल्ली फिरवली नाही. तिला वडील आठवले. ते नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या चर्चचे पाळक होते. बहात्तरच्या दुष्काळात ते सायकलवरून घरोघर जात. दारात शिरले की आधी बसायचे, बिनदुधाचा चहा प्यायचे आणि घरचं माणूस बोलेपर्यंत तोंडातून देवाचं नावही काढायचे नाहीत. आई त्यांना चिडवायची, की असा कसा हा पाळक, उपदेशच करत नाही. ते म्हणायचे, आधी ऐकून तर घेऊ. त्या वर्षी त्यांच्या उपासनेला बसायला जागा पुरत नसे.

दुसऱ्या दिवशी ती डॉबिन्सच्या केबिनमध्ये उभी राहिली आणि लोरीनच्या घरी ऐकलेलं सगळं सांगितलं. आठच्या उपदेशकाची टेप लांबून, डॅलसहून यायची आणि ती लावण्याबद्दल मिळणारे पैसे हाच स्टेशनचा सर्वांत मोठा आधार होता. डॉबिन्सनी लोरीनचं कार्ड मागून घेऊन वाचलं. वॉल्टर यांडाला ते त्याच्या शाळेपासून ओळखत होते. त्यानं रेडिओ बंद केल्याचं त्यांच्या कानावर नव्हतं.

"तुमचं म्हणणं काय आहे, मिसेस आर?"

तिनं सांगितलं. रोज थोडा वेळ बाहेरून येणाऱ्या टेप बंद ठेवायच्या आणि गावचं बोलायचं. कोणाला काम हवंय, कोणाकडे दोन दिवसांचं का होईना काम आहे, कोण आजारी आहे, इंटरव्ह्यूसाठी ह्यूस्टनला जाणाऱ्या कोणाच्या गाडीत जागा आहे. नावं सांगायची नाहीत. शेवटी सगळ्यांसाठी मिळून एक साधी प्रार्थना. डॉबिन्सनी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, हवामानानंतर, दहा मिनिटं दिली. बोलणार कोण, हा प्रश्न होता. डॉबिन्सचा घसा दोन वाक्यांत बसायचा आणि निवेदक उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच सोडून गेला होता. मग माइकपुढे प्रतिमाच बसली.

पहिल्या दिवशी ती कागदावरचं भराभर वाचत गेली. दहा मिनिटं संपली तेव्हा तीन फोन आले होते. एकानं विचारलं, ही बाई कोणत्या भाषेत बोलते आहे. दुसरीनं सांगितलं, आवाज चांगला आहे पण शब्द कळत नाहीत. तिसऱ्याला ती ख्रिस्ती तरी आहे का, याचीच शंका होती. डॉबिन्सना लाजल्यासारखं झालं. दुसरं कोणी शोधू या, असं ते म्हणाले. प्रतिमा म्हणाली, शोधा, पण तोवर मीच बोलते.

दुसऱ्या दिवशी तिनं हवेवरच उत्तर दिलं. मी हळू बोलेन, ती म्हणाली, तुम्ही थोडं सांभाळून घ्या. आणि ज्या गृहस्थांना शंका आहे त्यांना सांगते, माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तुमच्या गावचं चर्च बांधून व्हायचं होतं. स्टुडिओच्या काचेपलीकडे डॉबिन्स मोठ्यानं हसले. तिनं त्यांना हसताना प्रथमच पाहिलं.

पण दोन आठवडे झाले तरी सांगायला फारसं काही जमेना. लोक ऐकत असतील, फोन करत नव्हते. मग ती रोज सकाळी लवकर निघून स्वतःच माहिती गोळा करू लागली. भाताच्या गोदामावर, कपडे धुण्याच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर. कोणाला कुंपण घालून हवं होतं, कोणाला आजारी आईजवळ बसायला माणूस. यादी वाढली, तरीही काम मागणारा एकही आवाज येत नव्हता. काम हवंय, हे मोठ्यानं म्हणायला कोणी तयार नव्हतं. प्रतिमाला कारण ठाऊक होतं. तिच्या स्वतःच्या घरात तेच चाललं होतं.

एका संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला.

"राजीव, मला आपल्या घरचं सांगायचंय. रेडिओवर."

"काय सांगणार?"

"की तुझा जॉब गेलाय."

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "वीणाला, उल्हासला कळलं तर? सगळं मंडळ बोलेल."

"त्यांच्याकडे हे स्टेशन लागत नाही. इतक्या लांब येतच नाही ते."

"मला लागतं ना," राजीव म्हणाला. "मी गाडीत बसून ऐकतो. थोडं पुढे गेलं की लागतं."

प्रतिमानं त्याच्या ताटात भात वाढला. रोज दुपारी हा माणूस गाडी काढून तिचा आवाज ऐकायला जात होता, आणि तिला पत्ता नव्हता. 'नाही सांगत,' एवढंच ती म्हणाली, आणि त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, बाराच्या सुमाराला, राजीव स्टेशनच्या दारात उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, टाय, बूट चकचकीत. त्यानं डॉबिन्सशी हात मिळवला आणि दोन मिनिटं बोलायची परवानगी मागितली. प्रतिमानं काचेतून पाहिलं आणि त्याला आत यायची खूण केली. शेजारी खुर्ची नव्हती, म्हणून तो माइकपाशी उभाच राहिला.

त्यानं स्वतःचं नाव सांगितलं. मी या बाईंचा नवरा, असं सांगितलं. मी इंजिनिअर आहे, मार्चमध्ये माझी नोकरी गेली आणि पाच महिने मी ते लपवलं. सकाळी शेजाऱ्यांना दिसावं म्हणून टाय बांधून गाडी काढतो आणि दुकानांच्या पार्किंगमध्ये जाऊन बसतो. आजही टाय बांधूनच आलोय. त्यानं टायची गाठ सैल केली. मग तो म्हणाला, "मला काम हवंय. कोणतंही चालेल. एवढं म्हणायला मला पाच महिने लागले."

प्रतिमाला पुढची यादी वाचता येईना. मग तिनं ती बाजूला ठेवली आणि प्रार्थना म्हटली. ती संपायच्या आत फोनवरचा एक दिवा लागला, मग दुसरा, मग चारही. पहिला फोन एका अनोळखी बाईचा होता. तिचा नवरा अंगणात ट्रकमध्ये रेडिओ लावून बसला होता आणि आत यायला तयार नव्हता. त्याला स्टेशनवर पाठवलं तर चालेल का, असं ती विचारत होती. प्रतिमा म्हणाली, आत्ता पाठवा.

त्या दिवसापासून माणसं येऊ लागली. कोणी बोलायला, कोणी नुसतं बसायला. डॉबिन्सनी पुढच्या खोलीत कॉफीचं भांडं आणि घडीच्या खुर्च्या मांडल्या. पत्रंही आली, पोती भरून नव्हे, पण रोज काही ना काही. एक कार्ड लोरीनचं होतं. वॉल्टरनं रेडिओ अजून घरात आणलेला नाही, तिनं लिहिलं होतं, पण बारा वाजले की तो गॅरेजमध्ये जाऊन बसतो.

सप्टेंबरात गणपतीच्या कार्यक्रमाला राजीव आणि प्रतिमा उल्हासच्या घरी गेले. जेवणं झाल्यावर राजीवनं सगळं सांगून टाकलं. उल्हासनं त्याला आपल्या शेजारी सतरंजीवर बसवलं. मग म्हणाला, यार, माझा प्रोजेक्टही डिसेंबरात बंद होतोय, वीणाला मी कालच सांगितलं. त्यानंतर दोघं मागच्या अंगणात जाऊन तासभर बोलत उभे होते. राजीवला पुढे शेजारच्या तालुक्याच्या पाणीपुरवठ्यात काम मिळालं. पगार पूर्वीच्या निम्माही नव्हता. टायची गरज नव्हती.

डॉबिन्सनी त्याच महिन्यात आठच्या उपदेशकाची टेप बंद केली. पंचांना न विचारता. त्यामुळे ऑक्टोबरातल्या बैठकीत वातावरण तापलेलं होतं. सर्वांत मोठा आधार तोडला, आता स्टेशन चालायचं कसं, असं एकानं डॉबिन्सना खडसावून विचारलं. प्रतिमाला बैठकीत बसायचा हक्क नव्हता, पण डॉबिन्सनी तिला सोबत नेलं होतं. तिनं श्रोत्यांकडून आलेली नवी कार्डं टेबलावर ठेवली आणि त्यातली तीन वाचली. तिसरं एका बाईचं होतं. माझा मुलगा घर सोडून जाणार होता, त्याला तुमच्याकडून दहा दिवसांचं काम मिळालं, तो अजून घरीच आहे. खडसावणाऱ्या पंचानं ते कार्ड हातात घेऊन पुन्हा वाचलं. पत्ता त्याच्याच गल्लीतला होता.

दोन तास चर्चा झाली. शेवटी त्यांनी एक वर्ष दिलं. श्रोते टिकले तर पुढे बघू, असं ठरलं.

बाहेर आल्यावर डॉबिन्स तिच्या गाडीपर्यंत चालत आले. दमलेले होते, पण चेहरा मोकळा झाला होता. आता समाधान ना मिसेस आर, असं त्यांनी विचारलं.

"दहा मिनिटं पुरत नाहीत," प्रतिमा म्हणाली. "मला एक तास हवा. आणि स्टुडिओत दुसरी खुर्ची."

"टेपशिवाय, जिवंत माणसांचा एक तास आम्ही आजवर कधी चालवला नाही."

"मग सोमवारपासून चालवू," ती म्हणाली आणि गाडीचं दार उघडलं.